आधी पंखा बंद करा, मग मशिनला शिव्या द्या

गेल्या अंकात घरातल्या गोल्फ सिम्युलेटरवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, आपल्यात गोल्फ खेळणारे ते किती आणि त्यातून घरात जाळी लावून खेळणारे किती. पण मेलबॉक्स भरला की हो! आणि गंमत म्हणजे बहुतेक पत्रांचा सूर एकच, "मशिन खराब लागलंय वाटतं". सगळी पत्रं वाचून माझं मत असं झालंय की मशिनं ठणठणीत आहेत, आजारी आहे ती खोली.

ज्यांनी गेला अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाँच मॉनिटर म्हणजे तुम्ही बॉल मारलात की सुरुवातीच्या काही फुटांत त्याचा वेग, वर चढायचा कोन, डावी-उजवी दिशा आणि गिरकी म्हणजे स्पिन पकडणारी डबी. बॉल समोरच्या जाळीत जाऊन पडतो, पुढचे दीडदोनशे यार्ड सॉफ्टवेअर गणित करून पडद्यावर रंगवतं. त्यामुळे त्या पहिल्या फुटांत केसभर चुकलं की पडद्यावर बॉल थेट झाडीत. हे डोक्यात ठेवलं की खालची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील, तरी देतो. नवख्यांसाठी एवढंच, की काठीला क्लब म्हणतात, त्यात ड्रायव्हर सगळ्यात लांब फटक्याचा, आयर्न मधल्या आणि वेज अगदी जवळच्या फटक्याची.

प्रश्न : सर, बंगल्यातली खालची खोली रिकामी होती, २० बाय १२ ची, तिथे बॉलच्या मागे ठेवायचं रडारवालं मशिन लावलंय. बॉलचा वेग बरोबर वाटतो पण ड्रायव्हरचा स्पिन कधी १८०० तर कधी ६०००, काहीच्या काही. कितीही सरळ मारला तरी बॉल उजवीकडेच जातो. आणि कहर म्हणजे कधी कधी मी बॉल मारलेलाच नसतो आणि पडद्यावर शॉट उडतो! भुताटकी आहे का? – एक वाचक, कर्वेनगर, पुणे

भुतापासूनच सुरू करू. तुमच्या खोलीत छताला पंखा आहे आणि तो चालू असतो, बरोबर? पत्रात लिहिलेलं नाही पण पैज लावतो.

हे मशिन डॉप्लर रडारवर चालतं. छोट्या स्टेशनवर उभे असताना फास्ट लोकल हॉर्न देत धडधडत निघून जाते, तेव्हा येताना हॉर्नचा आवाज बारीक चिरका आणि गेल्यावर एकदम जाड होतो ना, तोच प्रकार. मशिन रेडिओ लहरी सोडतं, त्या हलत्या वस्तूवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची फ्रिक्वेन्सी बदललेली असते, त्या बदलावरून वेग कळतो. आता बिचाऱ्या रडारला बॉल काय आणि पंख्याचं पातं काय, हललं ते हललं. पंखा, वाऱ्यानं फडफडणारा पडदा, मागून पाण्याची बाटली घेऊन आलेला पोरगा, सगळं त्याच्या पदरात पडतं, आणि लोखंडी कपाट समोर असेल तर त्यावरून उलटून आलेलंही. त्यामुळे आधी पंखा बंद. उकडतंय तर टेबल फॅन मशिनच्या मागे किंवा पार बाजूला ठेवा, रडार पुढे बघतं, त्याच्या नजरेत येऊ देऊ नका. प्रॅक्टिस स्विंगलाही शॉट पडत असेल तर ते भूत नाही, क्लबच जरा जास्त जोरात गेलाय, बॉलपासून एक पाऊल लांब उभं राहून स्विंग करा.

आता स्पिन. इथे जरा बसून आकडेमोड करू कारण हे एकदा समजलं की मशिनवरचा राग जातो. समजा बॉल जाळीपासून ८ फुटांवर आहे. सात नंबरची आयर्न एखाद्या प्रोनं मारली तर बॉल ताशी १२० मैल म्हणजे सेकंदाला १७६ फूट जातो, ८ फुटांना त्याला लागतात ०.०४५ सेकंद. स्पिन मिनिटाला ७००० फेरे धरला तर तेवढ्या वेळात बॉल पाच वेळा स्वतःभोवती फिरतो. ठीक आहे, रडारला मोजायला काहीतरी हाताशी आहे. आता ड्रायव्हर घ्या, बॉल १४० मैलांनी गेला आणि स्पिन ३००० असला तर जाळीत जाईपर्यंत तो फिरतो जेमतेम दोन वेळा! दोन फेऱ्यांवरून मिनिटाचा आकडा काढायचा, आणि त्यात कोऱ्या, बिनखुणेच्या बॉलची गिरकी रडारला धड दिसतही नाही. मग मशिन काय करतं, वेग आणि कोन बघून अंदाज ठोकतं. तुमचे १८०० आणि ६००० तिथून येतात.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला, अंतर वाढवा. गार्मिनचं आर-१० घ्या किंवा त्या जातीचं दुसरं कुठलं, साधारण ६ ते ८ फूट बॉलच्या मागे मशिन आणि बॉलपुढे जाळीपर्यंत किमान ८ फूट असं गणित असतं, तुमच्या मशिनचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात बघा, अंदाजपंचे नको, टेपनं मोजा. तुमची खोली २० फूट आहे. मागे ७, पुढे १०, जाळीमागे भिंतीपर्यंत दीड फूट, तरी दीड फूट हातात राहतं, मग कंजुषी कशाला? दुसरा उपाय बॉलचा. टायटलिस्टनं २०२२ मध्ये खास घरातल्या रडारसाठी आरसीटी नावाचे बॉल काढले, आतल्या बाजूला रडारला दिसेल अशी खूण असलेले. काही मशिनांसोबत बॉलवर चिकटवायच्या चमकत्या मेटलच्या टिकल्या येतात, त्याही चालतात, फक्त पंधरा-वीस फटक्यांत निघतात, कपाळावरच्या टिकलीसारख्याच, मग आरशावर न लावता बॉलवर नवीन लावायची.

राहिलं उजवीकडे जाणं. आधी स्वतःचा स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळणारा फटका, आहे का ते प्रामाणिकपणे तपासा 😄 मोबाइल मागे लावून व्हिडिओ काढा, बॉल जाळीत खरंच मध्यावर लागतोय का बघा. लागत असेल आणि तरी पडद्यावर बॉल निघतानाच उजवीकडे जात असेल तर मशिन वाकडं बसलंय. किती वाकडं? नुसतं ३ अंश फिरलेलं असेल तर २०० यार्डांवर साडेदहा यार्ड बाजूला, आणि ३ अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. यावर माझा उपाय गवंड्याचा आहे. जाळीच्या वरच्या दांडीचा मध्य काढून तिथून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा. त्या खुणेपासून जाळीला काटकोनात रेघ मागे आणायची, त्यासाठी गुण्या लहान पडतो म्हणून ३-४-५ चा हिशोब लावा, म्हणजे जाळीच्या कडेने ३ फूट, मागच्या दिशेने ४ फूट आणि तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं की काटकोन पक्का. तीच रेघ खडूच्या लाइनदोरीने बॉलवरून थेट मशिनपर्यंत ओढा. मशिनचा मध्य त्या रेघेवर, नाक जाळीच्या मध्याकडे. पायांच्या जागी पेनानं खुणा करून ठेवा, कारण झाडू मारणाऱ्या ताई उद्या ते हलवणार आहेत आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आणि एक, जवळपास सगळेच विसरतात ते. बॉल मॅटवर असतो, मॅट दीड इंच जाड, मशिन मात्र खाली फरशीवर. ७ फुटांवर दीड इंच म्हणजे साधारण १ अंशाचा फरक. मशिनखाली तेवढ्याच जाडीचा प्लायचा तुकडा सरकवा, वर पाणसळ ठेवून सपाट आहे का बघा, झालं.

प्रश्न : दादा, ठाण्यात २ बीएचकेत राहतो, हॉल १८ बाय १०, हाइट फॉल्स सीलिंगखाली साडेआठ. मुलाची क्रिकेटची प्रॅक्टिस नेट पडून आहे ती वापरून आर-१० किंवा तसलं काही लावू का? बायको म्हणते वेड लागलंय. – नवखा, घोडबंदर रोड

वहिनींशी मी अर्धा सहमत आहे, सांगतो का ते.

साडेआठ फुटांत ड्रायव्हर विसरा. ड्रायव्हर साधारण ४५ इंच लांब, तुमचे हात डोक्याच्या वर जातात, त्यावर ती काठी. तुमची उंची लिहिली नाहीत पण पाच-आठ पाच-नऊ असाल तर ९ फूट म्हणजे काठावर पास आणि १० फूट म्हणजे निवांत. खात्री करायची तर मॅटवर उभे राहा (मॅटची जाडीही उंचीतून वजा होते हो!) आणि ड्रायव्हर अगदी संथपणे, घोरपडीसारखा, वर नेऊन खाली आणा, कुणालातरी बाजूला उभं करून टोक छतापासून किती राहतं ते बघायला सांगा. संथ स्विंगला चार इंच राहिले तर जोरात मारताना शून्य राहतील. मी स्वतः पहिल्या दिवशी छत मोजलं होतं, १० फूट, खूश होतो, पंखा मोजलाच नव्हता. तो दांडीवरून फूटभर खाली लोंबत होता, बंदच होता म्हणून वाचलो, एक पातं आजही जरा वाकडं आहे आणि घरात पाहुणे आले की तो किस्सा माझ्या आधी बायकोच सांगते.

तुमच्या हॉलमध्ये वेज आणि छोट्या आयर्न होतील, त्याही चालतं का ते असंच संथ स्विंगने बघून. १० फूट रुंदीत बॉल बरोबर मधोमध ठेवाल तर पाठीमागच्या भिंतीला क्लब लागू शकतो, बॉल जरा तुमच्या तोंडासमोरच्या भिंतीकडे सरकवावा लागेल. टीव्ही आधी दुसऱ्या खोलीत हलवा.

पण क्रिकेटची नेट मात्र अजिबात नाही! क्रिकेटचा बॉल सात सेंटिमीटरचा, त्यामुळे त्या जाळ्यांची भोकं बऱ्याचदा साडेचार-पाच सेंटिमीटरची असतात. गोल्फचा बॉल नियमानं कमीत कमी ४.२७ सेंटिमीटर, म्हणजे तो त्यातून न अडकता आरपार, आणि पलीकडे तुमची फ्रेंच विंडो. जाळी २५ मिलीमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची, गोल्फचीच घ्या. आणि ताणून बांधू नका, ढिली सोडा, ताणलेली जाळी बॉल तुमच्याच नडगीवर परत फेकते. मागे फूटभर अंतर सोडून जुनी गोधडी लोंबती लावा, गोधडीसारखी शॉक ॲब्सॉर्बर जगात नाही, आवाजही खाते.

प्रश्न : काका, आम्ही न्यू जर्सीत, बेसमेंटमध्ये सेटअप केलाय. कॅमेऱ्याचा मॉनिटर आहे, बॉलच्या बाजूला ठेवायचा. वीकडेला रात्री खेळतो तेव्हा एकदम मस्त, पण शनिवारी रविवारी सकाळी चारातला एक शॉट तो बघतच नाही. सपोर्टने फर्मवेअर अपडेट करा, रीसेट करा सांगितलं, दोन्ही केलं, फरक नाही. – बेसमेंटवाला, एडिसन

रात्री चालतं, सकाळी नाही. तुमचं बेसमेंट वॉकआउट आहे का, मागच्या अंगणात उघडणारं काचेचं सरकतं दार? असेल तर गुन्हेगार सूर्य आहे, फर्मवेअर कितीही बदला.

कॅमेरावाली मशिनं, म्हणजे स्कायट्रॅक, बुशनेल लाँच प्रो वगैरे, बॉल लांब जाण्याची वाटच बघत नाहीत. बॉल क्लबवरून निघाला की लागोपाठ अतिवेगाने फोटो काढतात, दोन फोटोंत बॉल किती सरकला त्यावरून वेग आणि कोन, त्यावरच्या खुणा किती फिरल्या त्यावरून स्पिन. म्हणून यांना पुढे जागा कमी लागते आणि बेसमेंटमध्ये ती बरी पडतात. पण हे फोटो इन्फ्रारेड प्रकाशात काढतात, आपल्याला न दिसणाऱ्या. आणि उन्हात इन्फ्रारेड धो धो असतं. सकाळचं, त्यातून थंडीतलं तिरकं ऊन काचेतून मॅटवर आलं की मशिनला लख्ख पांढरं दिसतं, त्यात पांढरा बॉल शोधायचा म्हणजे दुधात साबुदाणा. जाड ब्लॅकआउट पडदा लावा, प्रश्न तिथल्या तिथे मिटेल. जुने हॅलोजन दिवे असतील तर तेही काढा, त्यांचंही इन्फ्रारेड भरपूर असतं. साधे एलईडी चालतात, फक्त थेट बॉलवर किंवा लेन्समध्ये मारू नका.

तरीही मधूनच चुकलं तर लेन्स पुसा, मायक्रोफायबरने, बनियनने नाही. बॉलचा लोगो कॅमेऱ्याकडे करून ठेवा, कोऱ्या पांढऱ्या बाजूवर त्याला फिरणं दिसणार कसं. मार्करनं स्वतः खुणा करत असाल तर शाई पूर्ण वाळू द्या, नाहीतर महागाचा इम्पॅक्ट स्क्रीन, म्हणजे बॉल आदळतो तो पडदा, आठवड्यात देवीच्या पुरळासारखा दिसायला लागतो आणि ते डाग जात नाहीत. चिखलाचे, कोर्सवरून आणलेले ओरखडलेले बॉल तर स्क्रीनवर मारूच नका.

पत्रात शेवटी प्रोजेक्टरचं विचारलंय, की स्वतःची सावली स्क्रीनवर पडते. थ्रो रेशो बघा, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. १० फुटी स्क्रीनला १.५ रेशोचा प्रोजेक्टर १५ फूट मागे लागतो, म्हणजे तुमच्या पाठीमागून, सावली पडणारच. ०.५ वाला ५ फुटांवर बसतो, छताला, तुमच्या पुढे, फक्त बॉलच्या वाटेत येणार नाही एवढा वर आणि बाजूला घ्या.

प्रश्न : सर, सात नंबरने कोर्सवर मी १५० आरामात मारतो, कॅडीसुद्धा तोच क्लब हातात देतो. घरच्या सिम्युलेटरवर मात्र १३७-१३८ च्या पुढे जातच नाही. मशिनमध्ये कॅलिब्रेशनची सोय पण नाही. परत करू का? – हँडिकॅप १८, पुणे

परत करू नका. सेटिंगमध्ये जा आणि मीटरचे यार्ड करा 🙂

१५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. तुमचा आकडा इतका नेमका होता की पत्र वाचतानाच हसू आलं, माफ करा. पण ते केल्यावरही एखाद-दुसरा फरक राहिला तर घाबरू नका. पडद्यावर कॅरी आणि टोटल असे दोन आकडे असतात, कॅरी म्हणजे हवेतला, टोटल म्हणजे घरंगळून थांबेपर्यंतचा. आपण कोर्सवर बढाई मारतो ती नेहमी टोटलची, त्यातून उन्हाळ्यात आपली फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, ती सिमेंटच. दुसरं, समुद्रसपाटीपासूनची उंची. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे १८०० फुटांच्या वर, हवा विरळ, बॉल साधारण २ टक्के लांब जातो, १५० ला ३ यार्ड. ॲपमध्ये समुद्रसपाटी लावलेली असेल तर तेवढे कमी दिसणार. चेंबूरला किंवा खारघरच्या कोर्सवर खेळलात तर तुम्हालाही तिथे हेच जाणवेल, फक्त तिथे आपण वाऱ्याला दोष देतो.

आणि जाता जाता, टीव्हीवरचे आकडे बघून दुःखी होऊ नका. पीजीए टूरवरच्या पुरुष प्रोंची सात नंबरची सरासरी कॅरी १७०-१७५ यार्डच्या आसपास सांगतात, एलपीजीएच्या महिला प्रोंची १४० च्या आसपास. म्हणजे तुमचे १५० अगदी व्यवस्थित आहेत, त्यातले कॅरी किती ते आता मशिनच सांगेल, ते जरा गिळायला जड जाईल तेवढं.

प्रश्न : मशिन त्याच्या स्वतःच्या वायफायवर लॅपटॉपला जोडलं की लॅपटॉपचं इंटरनेट जातं, इंटरनेट लावलं की मशिन जातं. सॉफ्टवेअर लायसन्स तपासायला नेट मागतं. वेड लागायची पाळी. – नाशिकहून

फ्लाइटस्कोपच्या मेव्हो प्लससारखी काही मशिनं स्वतःचंच वायफाय सोडतात आणि लॅपटॉपला वायफायचा कार्ड एकच, तो एका वेळी एकाच घरी जेवणार. राउटरपासून लॅन केबल ओढा, नेट केबलवर आणि वायफाय मशिनला. केबल शक्य नसेल तर यूएसबीचं छोटं वायफाय डोंगल लावून दुसरा रस्ता करा, नाहीतर मोबाइल यूएसबीने जोडून टिदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्या. एवढं करूनही सॉफ्टवेअरला मशिन दिसत नसेल तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्याला परवानगी द्या, मशिनचं नेटवर्क 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' करा, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर सोडून द्या, आयटीवाले काही उघडू देणार नाहीत.

ब्लूटूथवाल्यांसाठी पण एक ओळ: मशिन मधूनच सुटतं तेव्हा घरातला दुसरा फोन त्याला आधीच जोडलेला असतो (मुलाचा, नेहमी मुलाचा), किंवा अँड्रॉइडनं बॅटरी वाचवायला ॲप झोपवलेलं असतं, ते सेटिंग त्या ॲपपुरतं बंद करा.

आणखी एकानं विचारलंय मॅकबुकवर जीएसप्रो हे सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर चालेल का. नाही, ते विंडोजचंच आहे आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड मागतं, वर वर्षाला २५० डॉलर. आधी मशिनसोबतच्या फुकटच्या ॲपवर महिनाभर खेळा, मग ठरवा.

प्रश्न : मी डावखुरी, नवरा उजवा, दोघंही खेळतो. तो म्हणतो बाजूला ठेवायचा कॅमेरावाला घेऊ, अचूक असतो. पण दर शॉटला उचलून इकडचा तिकडे ठेवायचा का? – एक वाचक, नवी मुंबई

ताई, हा प्रश्न विकत घ्यायच्या आधी विचारलात त्याबद्दल तुमचं खास कौतुक, बहुतेक जण नंतर विचारतात.

बाजूचा कॅमेरा खेळणाऱ्याच्या समोर, म्हणजे बॉलच्या पलीकडे बसतो. उजवा खेळाडू बॉलच्या एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या, त्यामुळे तुमची पाळी आली की मशिन पलीकडे न्यायचं, सरळ लावायचं, ॲपमध्ये डावं-उजवं बदलायचं, आणि चार होलनंतर भांडण. दोघांनी एकत्र राउंड खेळायचा असेल तर मागे ठेवायचं रडार बरं, बॉलची जागा तीच राहते, फक्त पाय इकडचे तिकडे, ॲपमध्ये हात बदलायचा तेवढा. छताला टांगायचे कॅमेरे सगळ्यात सोयीचे, युनीकॉरचे वगैरे, पण त्यांना छत उंच लागतं आणि किंमत बघून मन खट्टू होतं.

खरी अडचण रुंदीची आहे. एकट्या उजव्या खेळाडूला १० फुटी खोलीत बॉल एका बाजूला सरकवून भागवता येतं. तुम्हा दोघांना बॉल मधोमधच हवा आणि दोन्हीकडे स्विंगला जागा, म्हणजे १४ फूट तरी रुंदी. ती आहे का ते आधी मोजा. नसेल तर कुठलंही मशिन घेतलंत तरी एकाला भिंतीची धास्ती राहणारच, आणि भिंतीला घाबरत केलेला स्विंग कोर्सवर घेऊन गेलात की तो तिथेही आखडतो.

प्रश्न : महिनाभरात कोपर दुखायला लागलंय आणि खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार करतात की वर कोणीतरी खलबत्ता कुटतंय. – डोंबिवली

दोन्हीचं मूळ एकच, पातळ मॅट थेट टाइल्सवर. गवतावर बॉलच्या आधी जमिनीत क्लब बसला तर माती उडते, मॅटवर क्लब फरशीवर आदळून उसळतो, हादरा सगळा मनगट-कोपरात. वर मॅट खोटंही बोलते, कारण तो उसळलेला क्लब बॉलला लागून शॉट बरा दिसतो आणि आपल्याला वाटतं जमलं. मॅटखाली जिममध्ये घालतात तसल्या जाड रबराच्या टाइल्स घाला, बॉलच्या जागी मऊ जेलची किंवा ब्रशसारखी पट्टी मिळते ती बसवा (उंची वाढली की मशिनखालचा प्लायही तेवढाच वाढवायचा, विसरू नका). दिवसाला तीनशे बॉल मारत असाल तर पन्नासवर या. दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर ऑर्थोपेडिककडे जा, तेलमालिशीवर वेळ काढू नका.

आजींचं म्हणाल तर त्यांची झोपायची वेळ विचारून घ्या. दुपारी १ ते ४ क्लब बॅगेतच ठेवा.